बाथरूमच्या भिंतीतली तीन भोकं

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्या बाथरूममध्ये पडले. ओल्या फरशीवरून पाय घसरला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि मी ते सांगू दिलं. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यातलं वडिलांना नेमकं किती ठाऊक आहे, हे मात्र मला बरंच उशिरा कळलं.

मी कडेगावात हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. घरात मोडलेलं दुरुस्त करायची मला हौस आहे. मिक्सरचा ब्रश बदलणं, नळाचा वायसर बदलणं, कपाटाची बिजागरी बसवणं, असली कामं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून करतो. निम्मी जमतात. जी जमत नाहीत ती बायको माझ्या माघारी कुणाकडून तरी करून घेते आणि मला तसं कळूही देत नाही. ड्रिल मशीन घेतल्यापासून तर मला भिंत दिसली की हात शिवशिवायचे.

वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मग वीसेक वर्षं ऊस केला. आई गेल्यावर ते शेतातल्या घरातून आमच्याकडे राहायला आले. गुडघे गेले होते, कमोडवरून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागे. टाइल्सवर त्यांचे पंजे सरकताना मी एकदा पाहिलं आणि त्याच संध्याकाळी धरायला स्टीलची दांडी घेऊन आलो.

"गवंड्याला बोलीव की," वडील म्हणाले. "त्येला धा मिनिटांचं काम."

मी म्हटलं, मला पाच मिनिटांचं आहे.

बाथरूमचं सगळं काम एका गवंड्याने केलेलं होतं. जवळच्याच खेड्यातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. फोन केला असता तर तो दोन दिवसांत आला असता. पण मला ते स्वतः करायचं होतं, आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत करायचं होतं. शाळेत असताना मी मैदानात मागे पडणारा मुलगा होतो. भरतीच्या मेळाव्याला मी गेलो नाही याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, तरी हाताने काहीतरी भक्कम करून त्यांना दाखवायची इच्छा माझ्या मनातून कधी गेली नाही. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

दांडीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू होते. भिंतीत भोक पाडायचं, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी ठोकायची आणि गिट्टीत स्क्रू पिळायचा. खालची तीन भोकं नीट पडली. मशीन विटेत शिरताना करकरत होतं, लाल भुगा पडत होता. वरच्या बाजूला मात्र टाइल पार झाली आणि ड्रिल एकदम आत गेलं, कशाला अडलंच नाही. टाइलच्या मागे पोकळी होती. माझ्या हाताला ते लगेच कळलं. दुसऱ्या भोकालाही तसंच झालं. तिसऱ्या वेळी टाइलला एक बारीक तडा गेला, तो दांडीच्या गोल झाकणाखाली लपणार होता.

गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळायला लागलो, तर स्क्रूबरोबर गिट्टीच फिरायला लागली. त्यावरही व्हिडिओ सापडला. भोकात काडेपेटीच्या काड्या घाला, पांढरं सिमेंट भरा, असं एक हसरा माणूस सांगत होता. मी काड्या घातल्या, सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू घट्ट बसल्यासारखे वाटले. झाकणं लावली, दांडी फडक्याने पुसली. छान चकाकत होती.

वडील काठी टेकत बघायला आले. त्यांनी हात लावला नाही. फौजेत कुठलीही वस्तू ताब्यात घेताना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "लोंबकळून बघितलंस का? सगळं वजन टाकून?"

"बघितलं आबा," मी म्हणालो. "हत्ती लोंबकळला तरी निघायची न्हाई."

मी लोंबकळलो नव्हतो. दोन बोटांनी ओढून बघितलं होतं. जास्त जोर लावायची मला भीती वाटली होती, कारण निघाली असती तर टाइल फुटली असती आणि मग गवंड्याला बोलवावं लागलं असतं.

दांडी अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो. आधी काहीतरी फुटल्याचा आवाज आला, मग बादली गडगडली. मी धावलो. दाराला कडी लावलेली नव्हती. वडील कुशीवर पडले होते, उजवा हात अंगाखाली, आणि डाव्या मुठीत ती दांडी. वरचं टोक भिंतीतून सुटलं होतं, खालचंही स्क्रूसकट उपसून आलं होतं.

इथे मला थांबून नीट सांगायला हवं. मी आधी वडिलांना उचललं नाही. मी त्यांच्या मुठीतून दांडी सोडवली आणि दाराआडच्या ड्रमच्या मागे उभी केली. गिट्ट्यांचे आणि टाइलचे तुकडे पायाने कोपऱ्यात सारले. मग वाकलो, त्यांच्या काखेत हात घातला आणि बायकोला हाक मारली. फार तर सात-आठ सेकंद गेले असतील. वडील कण्हत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

बायको आली. तिने विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आतच वडील म्हणाले, "पाय सरकला."

कराडला नेलं. मनगट मोडलं होतं, कंबरेला मुका मार होता. प्लास्टर घालून दुसऱ्या दिवशी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. बायको त्यांच्यापाशी थांबली आणि कपडे आणायच्या निमित्ताने मी घरी आलो. कपडे नंतर भरले. आधी पांढरं सिमेंट कालवलं, ती भोकं भरली, तडा बुजवला आणि दांडी माळ्यावर टाकली.

वडील घरी आल्यावर बहीण शिराळ्याहून आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला मी अक्का म्हणतो. वडिलांवर तिचा फार जीव. बापाचा काळानिळा दंड बघून ती आधी रडली, मग तिने बाथरूममध्ये जाऊन फरशीवरून तळवा फिरवला आणि म्हणाली, ही काय काचेसारखी फरशी, असली म्हाताऱ्या माणसाच्या घरात बसवतात का? 

त्याच दिवशी दुपारी गवंडी वडिलांना बघायला आला. बातमी ऐकून आपण होऊन आला होता, केळी घेऊन. अक्काने त्याला दारातच धरलं. तुमच्या फरशीमुळे माझा बाप पडला, म्हणाली. तुम्हाला अक्कल नाही का, म्हणाली. मी तिच्या मागे हातात चहाचा कप घेऊन उभा होतो. तो कप मी त्याच्यासाठीच आणला होता.

गवंड्याने टोपी काढली. "अक्का, फरशी मीच बसवलीया, व्हय," तो म्हणाला. "खरबरीत बसवून देतो. आबांस्नी परत असं हुणार न्हाई."

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याच्या हातात चहा दिला. त्याने तो उभ्यानेच प्यायला.

नंतरचे काही दिवस मी वडिलांचं सगळं केलं. भात कालवून भरवला, पायजम्याची नाडी बांधली, दाढी केली. बायको शेजारणींना कौतुकाने सांगायची की मुलगा असावा तर असा. ते कानावर आलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो. दाढी करताना वडील माझ्या तोंडाकडे बघायचे. मी साबण बघायचो.

पुढच्या रविवारी गवंडी आला. एकट्यानेच जुनी फरशी फोडली, राडारोडा बाहेर टाकला. दुपारकडे त्याने मला हाक मारली. तो उकिडवा बसून भिंतीकडे बघत होता.

"सर, हितं काय हुतं?"

टॉवेलची दांडी होती, मी म्हणालो.

त्याने बोटांच्या पेरांनी ती टाइल वाजवली, मग शेजारची. एक भरीव वाजली, एक पोकळ. "हितं माज्याकडनंच माल कमी पडलाय," तो म्हणाला. "टाइल बसवताना मागं सिमेंट पुरतं भरलं न्हाई. चूक माझी हाय." मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण त्याने थापीच्या टोकाने माझं पांढरं सिमेंट खरवडलं. आतून काडेपेटीच्या काड्या बाहेर आल्या. त्या त्याने तळहातावर घेतल्या.

"पोकळीत गिट्टी धरत न्हाई सर," तो हळू म्हणाला. "ज्यानं भोक पाडलं, त्येच्या हाताला कळलं आसंल."

त्याने वर बघितलं नाही. काड्या घमेल्यात टाकल्या आणि पुन्हा फरशीच्या कामाला लागला.

मी तसाच वडिलांच्या खोलीत गेलो. ते खाटेवर टेकून बसले होते. मी जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. पोकळ लागलं ते, काड्या भरल्या ते, लोंबकळलो नाही ते. सांगताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा येत होता.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आरं, मी दांडी हातात घिऊनच पडलो की. मला काय म्हाईत न्हाई?"

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

 "तू आदी दांडी उचललीस," ते म्हणाले. "मला वाटलं, ह्येला आता काय बोलायचं."

 ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग त्यांनीच प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर टेकवला, जड होता तो. म्हणाले, "मला सांगून काय उपेग न्हाई. भायेर जो बसलाय, त्येला सांग."

मी बाहेर गेलो. गवंडी माल कालवत होता. मी उभ्यानेच सांगितलं की ती धरायची दांडी होती, मीच बसवली होती, आबा तिच्यामुळे पडले, फरशीमुळे नाही. त्याचं थापी चालवणं थांबलं नाही.

"अक्कास्नी सांगा तेवडं," तो म्हणाला. "त्यांच्या वरच्या मजल्याचं फरशीकाम माज्याकडं हुतं. परवा फोन आला, दुसऱ्याला दिलंय म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. आजच सांगतो, मी म्हणालो.

त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज फोन हातात घ्यायचो. वडिलांची तब्येत, पाऊस, भाच्याची परीक्षा असं बोलून ठेवून द्यायचो. अक्का मला लहानपणापासून घरातला हुशार समजते. तिच्या सासरी माझं उदाहरण देतात. ते जाईल, एवढीच भीती होती. तेवढ्यासाठी मी एका माणसाचं काम जाऊ दिलं. वडील मधूनमधून विचारायचे, "सांगितलंस का?" मी म्हणायचो, भेटल्यावर सांगतो. मग त्यांनी विचारणं सोडलं.

नागपंचमीला आम्ही शिराळ्याला गेलो. प्लास्टर निघालं होतं, पण वडिलांची बोटं पुरती मिटत नव्हती. गावात मिरवणुकीची गर्दी, ढोल, दारोदारी पाहुणे. अक्काने हौसेने वरचा मजला दाखवायला नेलं. काम पुरं झालं होतं. तपकिरी खरबरीत फरशी, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, सगळे सांधे नीट भरलेले. "बघ," ती म्हणाली, "ह्या नव्या गवंड्यानं कसं मन लावून केलंय."

तिथेच, त्या नव्या बाथरूमच्या दारात, मी तिला सांगितलं. खालून ढोलाचा आवाज येत होता, त्यामुळे एक वाक्य दोनदा सांगावं लागलं. दांडी आधी उचलली, तेही सांगितलं.

ती ओरडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला की मी मान खाली घातली. "मी त्या माणसाला दारात उभं करून बोलले," ती म्हणाली. "तू मागं उभा होतास."

"व्हय."

"फोन लाव त्याला. माझ्यासमोर लाव."

मी लावला. गवंडी वाईला कुणाच्या तरी कामावर होता. मागे टाइल कापायच्या मशीनचा कर्कश आवाज चालला होता. मी बोलायला लागलो, त्याला ऐकू जाईना. "मागनं बोलू सर," तो मोठ्याने म्हणाला, "माल कालवलाय, सुकंल." फोन बंद झाला. अक्का माझ्याकडे न बघता खाली पंगतीला वाढायला निघून गेली. जेवताना तिने सगळ्यांना आग्रह केला. मला केला नाही.

त्याचा फोन आला नाही. आठवड्याने मीच केला, अक्काला खरं सांगितल्याचं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं. बरं झालं, म्हणाला.  मग त्याने विचारलं, आबांच्या हाताची मूठ वळते का आता? मी म्हटलं, अजून पूर्ण नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून शेकत जा म्हणाला, आणि कामाला लागायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.