सरांना हाक मारायची कशी

तीन बहिणींत सगळ्यात लहान, म्हणून घरचे तिला धाकटी म्हणत आणि परदेशात रूममेटनेही तेच चालू ठेवलं. बाहेर शिकायला गेलं की कुणाला थंडी बाधते, कुणाला एकटेपणा. धाकटीला बाधले ते तिच्या संशोधनाचे सर. तसा माणूस देवासारखा, पण पहिल्याच दिवशी ते हसत म्हणाले, "इथे सर-बिर काही नाही. मला नावानेच हाक मार." झालं! धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलं.

तिचे वडील हेडमास्तर. पन्नाशीचे माजी विद्यार्थीसुद्धा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहत. अशा घरातली पोर साठीच्या, पांढऱ्या दाढीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणार? इथे तर झाडलोट करणाऱ्या मावशींपासून शेजारच्या मॅडमच्या चार वर्षांच्या मुलीपर्यंत सगळेच त्यांना नावाने बोलवत. सर म्हणावं तर ते बोट हलवून दटावत, नाव घ्यावं तर हिची जीभ रेटत नसे. मग धाकटीने सोपा उपाय काढला. हाकच मारायची नाही. दारात उभं राहून खोकायचं.

दोन वर्षं ती खोकली. शेवटी सरांनीच काळजीने गोळ्यांची अख्खी बाटली आणि डॉक्टरांचा नंबर तिच्या हातात ठेवला. बिचारीने त्यांच्यादेखत दोन गोळ्या मुकाट्याने चघळल्या.

रूममेटला हे ऐकून राहवलं नाही. तिने खुर्चीला आपला कोट अडकवला. "हे बघ, हे तुझे सर. मार हाक."

"अगं, पण असं एकदम..."

"खुर्ची आहे ती, धाकटे! चावणार नाही."

धाकटीने मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ती खोकली. रूममेटने कपाळावर हात मारून घेतला.

कामाला मात्र धाकटी वाघ. काचघरात गव्हाच्या बारा वाणांची रोपं होती; निम्म्या ट्रेंना साधं पाणी, निम्म्यांना खारं. रोजची उंची मोजून वहीत लिहायची आणि शनिवारी कॉम्प्युटरवर चढवायची. त्यात एक वाण खाऱ्या पाण्यातच जास्त जोमाने वाढलेला दिसला. सर हरखून गेले. बुधवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला शिष्यवृत्ती देणाऱ्यांची बैठक होती. तिथे या वाढीचा आलेख सगळ्यांना पटला की धाकटीचं तिसरं वर्ष पक्कं. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

बुधवारी सकाळी सर बाहेर पडले आणि धाकटी जुन्या वह्या कपाटात लावायला बसली. सहज त्या वाणाचं पान उघडलं. साधं पाणी: चौदा सेंटिमीटर. खारं पाणी: नऊ. तिने पुन्हा वाचलं. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, सगळीकडे तेच. कॉम्प्युटरवर आकडे चढवताना तिनेच त्या वाणाच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. जोमाने वाढलेली ती रोपं पहिल्यापासून साधं पाणी पीत होती!

तिने फोन लावला, तर तो सरांच्याच टेबलावर वाजला. खिडकीतून पाहिलं, सर रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर उभे. गप्प बसावं का? कुणाला कळणार होतं? हा विचार तिच्या मनात आला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत टिकलाही. मग ती वही काखोटीला मारून धावत सुटली.

मधे चार पदरी रस्ता, सिग्नल लाल. बस येऊन थांबत होती. धाकटी सवयीने खोकली. भर गर्दीच्या रस्त्यावर त्या खोकल्याला कोण विचारतो! सरांनी एक पाय पायरीवर ठेवला.

आणि मग धाकटीने सरांचं नाव घेतलं. पोटातून, मोठ्याने, पुढेमागे काही न लावता. रांगेतली सगळी माणसं वळली. सरही वळले आणि त्यांनी पाय खाली घेतला. बस निघून गेली.

सिग्नल मिळताच रस्ता ओलांडून, धापा टाकत तिने वही दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. सर बराच वेळ पानं उलटत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, तो तिला बघवेना.

"पुढच्या बसने जाऊ," ते म्हणाले. "तूही चल. हे तू सांगायचंस."

"मी? तिथे, सगळ्यांसमोर?"

"चूक तुझी आणि ती शोधलीसही तू. मी फक्त तुझी ओळख करून देईन." मग ते घुटमळले, कानापर्यंत लाल झाले. "पण तुझं नाव मला नीट म्हणता येत नाही. चुकेल म्हणून दोन वर्षं मी ते घ्यायचंच टाळलंय."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. पुढच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. ती एकेक अक्षर सुटं करून सांगत होती आणि पांढऱ्या दाढीचा तो माणूस पहिलीतल्या पोरासारखा मागोमाग म्हणत होता. सात स्टॉप गेले तेव्हा कुठे जमलं.

बैठकीत चाळीस माणसं होती. सर उभे राहिले आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. आडनावासकट, अगदी बरोबर. धाकटी उठली.

"हा आलेख चुकला आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे."