गवतातला ताप

कुडपणच्या पठारावर राहीबाईशी कुणाचं फारसं जमत नसे. खालच्या कापडे गावाहून लग्न होऊन ती वर आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. नवरा कड्यावरून पडून गेला, मूलबाळ नव्हतं. चार म्हशी तिने नीट सांभाळल्या. तोंड मात्र कधी सांभाळलं नाही. शेजारच्या आबाजीची गाय नाचणीत शिरली तेव्हा तिने ती तीन दिवस आपल्या गोठ्यात बांधून ठेवली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

भाद्रपदात आबाजीचा मुलगा सुधीर तापाने पडला. महाडला एका डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. ताप हटला नाही. दहाव्या दिवशी त्याला धाप लागली आणि जीपमधून खाली नेताना घाटातच तो गेला. त्याचं तेरावं व्हायच्या आत वाडीत आणखी दोघं तापले.

देवळासमोर माणसं जमली. आबाजी उभा राहून म्हणाला, "ह्या बाईच्या म्हशी गोचिडांनी भरल्यात. गोचीड चावून माझा पोरगा गेला. म्हशी वाडीत नाय पायजेत."

"चाळीस वर्सं दूध प्यायलात ते माझ्याच म्हशींचं," राहीबाई ओरडली. "तवा गोचीड दिसले नायत?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं दूध बंद झालं. चौथ्या दिवशी सकाळी ती झऱ्यावर गेली असताना कुणीतरी गोचिडांचं औषध पाणी न घालता तिच्या म्हशींवर ओतलं. तिने घागरीमागून घागरी ओतून म्हशी धुतल्या. तीन वाचल्या. गाभण म्हैस तोंडाला फेस येऊन दुपारी मेली.

राहीबाई प्रत्येक दारासमोर जाऊन शिव्या देत फिरली. एकही दार उघडलं नाही. म्हैस पुरायला खड्डा खणायलाही कुणी आलं नाही. उतारावरची झुडपं तोडून, गवत उपटून तिने दोन दिवस एकटीने माती काढली.

आठवड्याभराने तिलाच ताप चढला. डोकं फुटेल असं दुखू लागलं. जीपवाला दीपेश म्हणाला, "आजी, तुला घेतली तर बाकीचे चढायचे नायत." तिने म्हशींपुढे गवत-पाणी टाकलं, खाली कापड्याला भावाला फोन करून म्हशी बघायला बोलावलं, आणि काठी टेकत खालच्या सरकारी दवाखान्याची वाट धरली. पोचेपर्यंत दुपार टळली होती.

तिथली डॉक्टर श्रुतिका वयाने लहान होती, पण तिने राहीबाईला नीट तपासलं. काखेत बिडीने पोळल्यासारखी काळी खपली होती. दुखत नव्हती, म्हणून राहीबाईला तिचा पत्ताच नव्हता.

"गोचीड चावला ना?" राहीबाईने विचारलं.

"नाही, मावशी. हा गवतातला बारीक किडा. डोळ्यांना दिसतही नाही. उंदरांच्या अंगावर असतो, झुडपांत, गवतात असतो. याला स्क्रब टायफस म्हणतात. म्हशींचा काही दोष नाही."

गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. डॉक्टर म्हणाली, "वाडीत कुणाला ताप असेल तर लगेच पाठवा."

"मरू देत," राहीबाई म्हणाली.

डॉक्टरने तरी आरोग्य पथकाला कळवलं. पण पथक यायच्या आदल्या दिवशीच राहीबाई वर परतली. आबाजीच्या घरातून कण्हण्याचा आवाज येत होता. सुधीरची बायको तेजश्री चार दिवस तापात होती. राहीबाई आपल्या ओट्यावर थोडा वेळ बसून राहिली. मग उठली आणि त्या घरात शिरली.

आबाजीने काठी उचलली. "भायेर हो!"

"मार. पण आधी सुनेचं अंग बघा. सगुणा, तू बघ गो. काख बघ, कंबर बघ. काळी खपली हाय का?"

आबाजीची बायको सगुणाबाई आधी जागची हलली नाही. मग तिने तेजश्रीच्या परकराची नाडी सैल केली. कमरेला खपली होती. सगुणाबाईने तिच्यावर बोट ठेवलं.

"सुधीरलापन हितंच होती," ती म्हणाली. "मला वाटलं, बिडी पडली."

आबाजीने काठी टाकून दीपेशला बोलावलं. दीपेशची जीप आली, तेजश्रीला खाली नेलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. तापलेल्या बाकीच्या दोघांनाही गोळ्यांनी उतार पडला.

पथकाने वाडीभोवतीची झुडपं काढायला लावली, गवतातून आल्यावर कपडे बदलून आंघोळ करायला सांगितलं. त्यांच्यासमोर, सगळी वाडी जमलेली असताना, राहीबाईने विचारलं, "माझी म्हस कुणी मारली?"

आबाजी म्हणाला, "पोरगा गेलाय माझा. तू म्हशीचं काय सांगतेस?"

"पोरगा गेला त्याचं मलाबी वाईट वाटलं. म्हस कुणी मारली ते इचारतेय मी."

नाव कुणी घेतलं नाही. चार दिवसांनी बरी होऊन आलेली तेजश्री मागच्या दाराने तिच्याकडे आली. मान खाली घालून म्हणाली, "मामंजींनी ओतलं औषध. मी बगितलं होतं."

"ठाऊक हाय मला," राहीबाई म्हणाली. "तवा बोलली नायस." तिने तिला बस म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी तिने घराला कुलूप लावलं आणि तीन म्हशी घेऊन भावाकडे कापड्याला निघाली. आबाजी अंगणात उभा होता. म्हशी त्याच्या दारासमोरून एकामागून एक गेल्या.