अण्णांना दिसलेलं धुकं

यल्लाप्पाअण्णा भुताच्या पिक्चरचं फॅट काढतात. स्टार नाहीत, दहापैकी मार्क नाहीत, फॅट. कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव आहे. तिथल्या दूध संस्थेत गेली तीस-बत्तीस वर्षं ते लोकांच्या दुधाचं फॅट तपासतात. म्हशीच्या दुधाला सहा लागलं की ठीक. त्याखाली गेलं की अण्णा किटली घेऊन आलेल्या माणसाकडं नुसते बघतात आणि तो माणूस आपोआप बोलायला लागतो, "आईशप्पत अण्णा, थेंबभर पाणी न्हाय घातलं." पिक्चर काढणाऱ्यांना समोर उभं करता येत नाही, एवढंच अण्णांचं दुःख आहे.

"साडेचार. पाणी हाय," असा त्यांचा मेसेज येतो. किंवा, "सहा पूर्णांक दोन. भूत चांगल्या घरचं हाय, पण गाणी कशाला घातली?" सातच्या वर त्यांनी आजवर कुठल्याही पिक्चरला दिलेलं नाही. शेवट चुकवून उठणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नाहीत. पहिली धार पातळ असते, फॅट शेवटच्या धारेत असतं, हे त्यांचं म्हणणं म्हशीच्या बाबतीत खरं आहे आणि पिक्चरच्या बाबतीतही.

मी निशिगंधा. शाहूपुरीत ब्लाऊज शिवते. माझ्यासारख्या बाईला हा नाद कसा लागला असं माझी गिऱ्हाइकं विचारतात. मी त्यांना सांगते, दिवसभर तुमच्या बाह्यांची मापं ऐकल्यावर दोन तास दुसऱ्या कशाला तरी घाबरावंसं वाटतं. चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी बाराच्या शोला आख्ख्या थेटरात आम्ही चारच माणसं होतो. औषधाच्या दुकानात काम करणारा प्रसेनजीत, नर्सिंग शिकणारी तेजस्वी, मी आणि माझ्या पुढच्याच रांगेत टोपी मांडीवर ठेवून ताठ बसलेले अण्णा. मध्यंतरात अण्णा मागं वळले आणि मला म्हणाले, "पावणं, पिक्चर बघायला आलासा का तोंड झाकायला? पयल्यापासनं ओढणीत हाय तुमचं डोस्कं."

मला राग आला. पण नंतरच्या भागात मी पुन्हा ओढणी ओढली तेव्हा पुढून त्यांचा आवाज आला, "आता बघू नका. बाई कपाटातनं भाईर आलीया... वर सरकली... गेली. हां, बघा आता." कुजबुज म्हणून ते जे बोलतात ते स्टँडपर्यंत ऐकू जाईल. तरी मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. शो सुटल्यावर चहाच्या गाड्यावर आमचा ग्रुप झाला. नाव 'दातखीळ'. महिन्यातून दोनदा, दुपारचाच शो, कारण अण्णांना संध्याकाळच्या दुधाला परत संस्थेत हजर व्हावं लागतं.

तर आमची रीत अशी पडली. भीतीचा प्रसंग आला की आम्ही तिघं डोळे मिटणार आणि अण्णा सांगणार. अण्णांनी मात्र कधीही डोळा मिटला नाही. डोळाच म्हणायचं, कारण त्यांना एकच आहे. पूर्वी काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड मिसळून फॅट काढायचे. एका सकाळी नळीचं बूच उडालं आणि अण्णांचा डावा डोळा गेला. आता यंत्रात कपभर दूध धरलं की आकडा येतो. "माझा डोळा गेला आन् मग यंत्र आलं," एवढंच ते त्यावर म्हणतात. डोळा का मिटत नाही असं विचारलं तर हसून सांगायचे, "एकच हाय गं. त्यो बी मिटला तर बघू कशानं?" आम्हाला ते धाडस वाटायचं. प्रसेनजीत तर त्यांना वाघच म्हणायचा.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांचे आकडे बिघडले. सगळ्यांनी वाखाणलेल्या एका पिक्चरला त्यांनी तीन फॅट दिलं. कारण काय, तर "आख्खा पिक्चर धुक्यात काढलाय." प्रसेनजीत तापला. त्याला वाद घालायला कारण लागत नाही, इथं तर होतं. धुकं कुठं होतं, असं त्यानं विचारलं. अण्णांनी ठणकावलं, "डोळं तपासून घे." पुढच्या पिक्चरलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. "हल्ली समदे धुक्याच्या मागं लागल्यात. भूत दाखवायची अक्कल नसली की सोडा धूर." आम्ही ग्रुपवर हसायच्या खुणा टाकल्या. मीही टाकल्या, ते मला अजून टोचतं.

जानेवारीत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पडद्यावर भर दुपार होती, लख्ख स्वयंपाकघर, ओट्यावर ऊन, एक बाई वांगी चिरत होती. अण्णा पुटपुटले, "काय हे धुकं, सैपाकघरात बी!"

मी पडदा सोडून त्यांच्याकडं बघायला लागले. ते मान पुढं काढून, डोळा ताणून बघत होते. पिक्चरमध्ये पुढं काय झालं ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. अण्णा म्हणाले, "मला काय शाळंत घालतीस काय?" पण पाटी त्यांनी वाचली नाही.

मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन रोजचंच आहे, पण मोतीबिंदू कडक झालाय आणि डोळा एकच आहे, तेव्हा आणखी उशीर करून चालायचं नाही. अण्णांनी मान हलवली आणि दोन महिने उशीर केला. कधी म्हैस व्यायली, कधी संस्थेची सभा निघाली, कधी भाच्याचं लग्न. मी फोन करून भांडायची आणि ते पिक्चरचा विषय काढायचे. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला, ललिताक्कांना, सगळं सांगून टाकलं. अक्कांना आमच्या मंडळाचा भयंकर राग. "घरात म्हस हाय, शेणघाण हाय, वर आनी भुतं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्या दिवशी त्या तसं काही बोलल्या नाहीत. चुलीपुढून उठल्या आणि म्हणाल्या, "दूध अंदाजानं वततोय ह्यो. काल निम्मं भुईवर गेलं. मला वाटलं, माज आलाय." आठवड्यात ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन सकाळी झालं. उद्या पट्टी काढेपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. अक्का औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि मी खाटेजवळ बसले होते. अण्णांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसरा तर नव्हताच. खाटेची लोखंडी कड त्यांनी एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"निशिगंधा," ते म्हणाले, "लाईट हाय न्हवं?"

"दुपारचे दोन वाजल्यात अण्णा. ऊन पडलंय खोलीत."

"हां."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्यांचा हात धरला. तेव्हा ते बोलले. "त्या दिवशी ॲसिड उडालं आन् मी दोन्ही डोळं गच्च मिटलो. उघडलो तर एकच उघडला. तवापासनं मला मिटायचंच भ्या वाटतंय बघ. निजायच्या आदी सुदिक वाईच थांबतोय. तुम्ही वाघ वाघ म्हणतासा. वाघ कसला, मी तुमच्यापेक्षा लई भित्रा हाय."

या माणसाच्या जिवावर मी चार वर्षं डोळे मिटून बसत होते. मला फार भीती वाटली, आणि या वेळी ओढणी ओढून भागणार नव्हतं.

"मला पिक्चर सांगा कुणीतरी," अण्णा म्हणाले. "ह्या अंधारात दुसरं कायतरी बघू दे."

मी ग्रुपवर कळवलं. तेजस्वीनं तिच्या नर्सिंगच्या वॉर्डातून वेळ काढून अर्धा पिक्चर स्वतःच्या आवाजात सांगून पाठवला. उरलेला अर्धा प्रसेनजीतनं. त्यानं भूत येण्याआधीच ते कोण आहे ते सांगून टाकलं, तेव्हा अण्णा पट्टीखालून ओरडले, "ह्याला मंडळातनं काढा!" शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "पुढचं सांगा की ओ." संध्याकाळपर्यंत अण्णांची मूठ सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडात पदर. डॉक्टरांनी समोर बोटं धरली आणि विचारलं, "किती?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. अण्णांचा डोळा मिचमिचत बोटांवरून पलीकडं गेला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"निशिगंधा," ते म्हणाले, "तुझ्या बाहीला हिरवा दोरा चिकटलाय."

मी बघितलं. खरंच चिकटला होता, वीतभर, ब्लाऊजच्या काजाचा. डॉक्टर हसल्या. अक्कांनी पदर सोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बोटं किती ते सांग आदी, दोरं काय मोजतोस!" आणि लगेच रडायला लागल्या. मी तर कधीची रडत होते. ग्रुपवर मी एकच शब्द टाकला, 'दिसतंय'. प्रसेनजीतनं त्यावर जे काय चित्रविचित्र पाठवलं ते इथं सांगत नाही. तो दोरा मी वहीत ठेवलाय. एवढा जीव भांड्यात पडल्याचा दिवस मला दुसरा आठवत नाही.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर दीड महिन्यानं आम्ही चौघं पुन्हा बाराच्या शोला गेलो. अण्णा माझ्या शेजारी, टोपी मांडीवर ठेवून ताठ. पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले, "धुकं न्हाय. चांगला पिक्चर हाय." मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं.

मग तो प्रसंग आला. जुन्या घरातली बंद खोली, आतून खरवडल्याचा आवाज आणि हळूहळू उघडणारं दार. मी ठरल्याप्रमाणे ओढणी ओढली आणि अण्णांच्या आवाजाची वाट बघायला लागले. आवाज येईना. मी घाबरले. पिक्चरला नव्हे, त्या डोळ्यासाठी. मी ओढणीआडून बाजूला बघितलं. पडद्याचा उजेड अण्णांच्या तोंडावर पडला होता आणि त्यांचा डोळा मिटलेला होता. गच्च, लहान पोरासारखा. खोलीतली किंकाळी झाली, दार आपटलं, तरी तो मिटलेलाच. मी त्यांच्याकडंच बघत राहिले.

मग डोळा उघडला. अण्णांनी पापणी दोनदा हलवली, पडदा बघितला, आपला हात बघितला.

"उघडला की गं," ते म्हणाले.

"व्हय अण्णा."

थोडा वेळ ते समाधानानं मान हलवत राहिले. मग माझ्याकडं झुकून त्यांच्या त्या आख्ख्या थेटराला ऐकू जाणाऱ्या कुजबुजीत त्यांनी विचारलं, "त्या खोलीत काय झालं मगाशी?"

मी प्रसेनजीतकडं बघितलं. त्यानं तोंडावरचे हात नुकतेच काढले होते. तेजस्वी अजून गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"अण्णा," मी म्हणाले, "आमच्यातल्या कुणीच न्हाय बघितलं."