‘काढ’ असं मीच म्हणालो होतो

चूक माझी होती. हे वाक्य तोंडातून काढायला मला फार वेळ लागला, म्हणून इथे ते आधीच लिहून टाकतो. ती चूक आहे हे मला ती करतानाच माहीत होतं, आणि पुढे तिच्यासाठी मी दुसऱ्याच माणसावर भर मीटिंगमध्ये ओरडलो.

माझं काम काय, ते थोडं सांगावं लागेल. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी जागा होतो तो त्याच्या बोर्डावरच बसवलेला एक छोटा प्रोग्राम. त्याला फर्मवेअर म्हणतात. मग ऑपरेटिंग सिस्टिम उठते, आणि आत्ता किती वाजले, पुढच्या वेळी कुठून सुरू व्हायचं, असल्या गोष्टी त्या फर्मवेअरला विचारत राहते. या दोघांच्या मधला कोड आमची टीम लिहिते. नियम एकच आहे: फर्मवेअरशी एका वेळी एकानेच बोलायचं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मात्र एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड एकदम फर्मवेअरकडे गेले तर मशीन जागच्या जागी गोठतं. म्हणून मध्ये कुलूप घालायचं. एक आत गेला की दुसरा बाहेर थांबतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते कुलूप मीच घातलं होतं. पण आत जायच्या वाटा दोन होत्या आणि मी एकीवरच घातलं. मशीन अधूनमधून गोठायला लागलं. का ते शोधायला मी एकेका ठिकाणी ‘इथवर पोचलो’ असं छापणारी ओळ टाकत गेलो. दुसऱ्या, वेळ विचारायच्या वाटेवर ती ओळ टाकली आणि गोठणं थांबलं. ओळ छापायला जो क्षणभर वेळ लागायचा, तेवढ्यात पहिला थ्रेड आपलं काम उरकून बाहेर पडायचा. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही अशा वेळी शंका यायला हवी. ताप उतरला होता, आजार तसाच होता. पण गिऱ्हाइकासमोर डेमो ठरलेला होता. मी ओळ तशीच ठेवली. डेमो छान झाला, मला बढती मिळाली आणि मी ती ओळ विसरलो. खरं म्हणजे, ती पुन्हा आठवायची नाही असं ठरवलं.

टीममध्ये अलीकडे एक मुलगी आली. नागपूरची, शिकायला या देशात आलेली, इथेच मास्टर्स केलेली, कॉन्ट्रॅक्टवर. एडिसनला ओक ट्री रोडच्या मागे मैत्रिणींबरोबर राहायची. गाडी नव्हती. तिचं घर माझ्या वाटेवरच होतं, म्हणून रोज सकाळी मिठाईच्या दुकानासमोरून मी तिला घ्यायचो आणि आम्ही पिस्कॅटवेच्या ऑफिसला जायचो. गाडीत ती मला काका म्हणायची, ऑफिसात नावाने. ऑफिसात काका म्हटलं तर तुम्ही मीटिंगमध्ये मला खाऊ द्याल असं लोकांना वाटेल, असं तिचं म्हणणं. माझी बायको कधीकधी तिच्यासाठीही डबा द्यायची, आणि रिकामा डबा ती घासून परत करायची.

तिला जुना कोड साफ करायचं काम दिलं होतं. एका सकाळी गाडीत तिने विचारलं, “काका, त्या टाइमवाल्या फंक्शनमध्ये एक प्रिंट आहे, ‘इथवर पोचलो’ म्हणून. कुणीच वाचत नाही ते. काढून टाकू?”

मी लेन बदलत होतो. “काढ गं,” म्हणालो. “असला कचरा ठेवायचाच कशाला?”

तिने काढली. अपडेट गिऱ्हाइकाकडे गेलं आणि त्याच्या सर्व्हरपैकी काही सुरूच होईनात. पडद्यावर अर्धवट अक्षरं, आणि पुढे काही नाही. मीटिंग बोलावली गेली. मॅनेजरने तिचा बदल भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला. एकच ओळ काढलेली, लाल रंगात. मी भडकलो. चालत्या कोडला हात लावायच्या आधी विचारायचं असतं, एवढी साधी गोष्ट तुला कळत नाही का, असं मी इंग्रजीत, सगळ्यांसमोर म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मला ती लेन, तो प्रश्न, ते ‘काढ गं’, सगळं आठवलं. तिथे थांबता आलं असतं. मी आवाज आणखी चढवला. घाईघाईत काम करणाऱ्या माणसांमुळे टीमचं नाव जातं, वगैरे. तिने ‘मी विचारलं होतं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती म्हणाली नाही. ज्याच्या गाडीतून रोज यायचं, ज्याच्या घरचा डबा खायचा, त्याला खोटं पाडायला तिची जीभ रेटली नसावी. आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं.

मॅनेजरने ओळ परत घालायला लावली. सर्व्हर उठले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण गुन्हेगार सापडला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅनेजर मला म्हणाला की तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, पुढे वाढवावं का ते तू सांग. न वाढवलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की तिचा व्हिसा फार दिवस टिकणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो. कसला विचार? याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ती नव्हती. मेसेज आला: ‘सर, आजपासून राइड नको. थँक्स.’ काकाचा सर झालो होतो. मी चिडलो, आणि तेही तिच्यावरच. एवढं काय लागलं हिला, इथे रोज कुणी ना कुणी बोलणी खातो. मग मॅनेजरवर चिडलो, की याने सगळ्यांसमोर स्क्रीन लावायची काय गरज होती. मग आमच्या सगळ्या प्रोग्रामर जातकुळीवर, की ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणत वर्षानुवर्षं आजारावर चादर टाकून ठेवतात. पुढच्या सिग्नलला मागून हॉर्न वाजला तर त्याच्यावरही चिडलो.

बायकोने दोन-तीन दिवस पाहिलं. मग डबा भरता भरता म्हणाली, “ती मुलगी का येत नाही आता?”

मी तिची चूक सांगायला लागलो. भरपूर सांगितली. बायको मध्येच म्हणाली, “तू एवढा चिडलायस म्हणजे तूच काहीतरी केलंयस. काय केलंस?”

मी डबा न घेताच निघालो.

ऑफिसात जाऊन ती ओळ मी पुन्हा काढली. मग मुद्दाम उलटं केलं: पहिला थ्रेड फर्मवेअरच्या आत असताना त्याला थोडा रेंगाळायला लावलं, म्हणजे दुसऱ्याला गाठायला पुरेसा वेळ मिळेल. जे कधीतरी व्हायचं ते आता प्रत्येक वेळी झालं. मशीन गोठलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. मग दुसऱ्या वाटेवर कुलूप घातलं, जिथे ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. रेंगाळणं तसंच ठेवलं, ‘इथवर पोचलो’ची ओळ नव्हतीच. मशीन सुरळीत सुरू झालं, दर वेळी. चार ओळींचं काम होतं. चार ओळींसाठी मी एका मुलीला देशाबाहेर जाऊ द्यायला निघालो होतो. टेबलावर मूठ आपटली, कॉफी सांडली, शेजारचा वळून बघायला लागला.

संध्याकाळी ती पार्किंग लॉटच्या टोकाला कुणाच्या तरी गाडीची वाट बघत उभी होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं की दोष तुझा नव्हता, दुसऱ्या वाटेवर कुलूप मीच घातलं नव्हतं, तू विचारलं होतंस तेही मला आठवतंय. सॉरी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, मला किती वाईट वाटतंय ते तिला दिसावं असंही वाटत होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. “काका, मी तुम्हाला गाडीत विचारलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं,” ती म्हणाली. “आता इथेही कुणी नाही. तुम्हाला नेमक्या अशाच जागा बऱ्या सापडतात.”

मी काहीतरी बोलायला गेलो.

“ओरडलात तिथे सांगा,” ती म्हणाली, आणि गाडी आली तशी निघून गेली.

मला राग आला, हेही कबूल करतो. एवढ्या वयाच्या माणसाने माफी मागितली तर घ्यायची नाही का? घरी पोचेपर्यंत तो राग पुरला. गाडी गॅरेजमध्ये लावली आणि तो एकदम संपला, कारण तिच्या बोलण्यात चूक काढायला मला काहीच सापडलं नाही.

पुढचं आधीच सांगतो. मॅनेजरने तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून द्यायची तयारी दाखवली. तिने घेतलं नाही. दूर हर्नडनला दुसरी नोकरी शोधली आणि गेली. माझ्या माफीने काही भरून निघालं असं मी म्हणणार नाही.

मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होती, तीच खोली, तीच माणसं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. मी माझा बदल स्क्रीनवर लावला, आधी मशीन गोठवून दाखवलं, मग कुलूप घालून चालू करून दाखवलं. मॅनेजर म्हणाला, छान, पुढे चला. मी म्हणालो, अजून एक आहे, आणि उभा राहिलो. तिच्याकडे बघितलं आणि तोंडातून आपोआप मराठी आलं, “चुकलो गं मी.”

ती तशीच बघत राहिली. त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघांनाच कळलं होतं. मी पुन्हा रिकामी जागा शोधली होती.

मग मी सगळ्यांकडे वळलो आणि सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत सांगितलं, “ती ओळ काढायच्या आधी हिने मला विचारलं होतं. मीच काढ म्हणालो. दोष माझ्या जुन्या कोडमध्ये होता, तो मला माहीत होता, आणि तरी याच खोलीत मी हिच्यावर ओरडलो. मी हिची माफी मागतो.”