घाबरट पेटी

आमच्या मावसकाकांइतकी विजेची बेअदबी करणारा माणूस मांडव्यापासून मुरुडपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि तरी आमच्या घरात पहिला दिवा लागला तो त्यांच्याच हातून. तोवर आम्ही अंधारातच होतो. बाबा दुसऱ्यांच्या वाड्यांत पोफळीवर चढायचे, आई मिठागरावर जायची, आणि आम्ही तिघं भावंडं एका चिमणीभोवती डोकी खुपसून अभ्यास करायचो; केसांना कायम जळका वास. मी सातवीत असताना मावशीचे हे यजमान वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून आले, दातांनी वायर सोलली आणि दिवा लावून गेले. त्या दिव्याखाली शिकून मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले, तीही विजेची इंजिनीअर. हे मी मान ताठ करून सांगते. पण शिकल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की काकांनी त्या दिवशी केलेलं एकही काम बरोबर नव्हतं.

तारेत वीज आहे का, हे ते उलटा हात लावून बघतात. टेस्टर खिशाला असतो, तो कान कोरायला. फ्यूज उडाला की दुप्पट जाड तार घालतात, "बारीक तार नखरे करते" म्हणून. चिकटपट्टी नसली तर जोडाला दुधाची पिशवी गुंडाळतात; एका लग्नाच्या मांडवात तर केळीचं सोपट गुंडाळलं होतं, आणि नवरदेव खांबाला टेकताच जो उडाला तो नवरीच्या मामाच्या मांडीवर. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन पक्कडीने तोडून टाकायची, हा तर त्यांचा धर्मच. "तिसरा पाय शोभेचा हाय," असं ते मला, माझ्या पदवीसकट, तोंडावर सांगतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वादळात चौलजवळची त्यांची वाडी अर्धी झोपली, पोफळी गेल्या, आणि मावशीच्या डोक्यातून कल्पना निघाली: मुंबईहून बोटीने मांडव्याला चाकांवरची घरं उतरतात, त्यांना मोकळी जागा द्यावी. गाडीमागे ओढायची ती कॅरव्हॅन. वाडीत उभी राहिली की तिची जाड केबल खांबावरच्या प्लगला लावायची, मग आत फ्रीज, एसी, सगळं चालू. काका तिला टपरी म्हणतात. मावशीची सगळी आशा आता या टपऱ्यांवर. एका पाहुण्याला जरी धक्का बसला किंवा त्याचं सामान जळलं, तर दुसरा येणार नव्हता.

पहिल्या पाहुणीने ओल्या पायांनी गाडीच्या पत्र्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ती किंचाळली. काका म्हणाले, "खाऱ्या हवेत एवढं चावायचंच, ताई."

मावशीने मला फोन केला. मी सर्ज प्रोटेक्टरची पेटी घेऊन गेले. खांब आणि गाडी यांच्यामध्ये ती बसते. आधी वीज तपासते, धड असेल तरच आत सोडते, आणि दाब चढला की तोडते. लावली, तर लाल दिवा. अर्थिंगच नाही, तर ती कशी सोडेल?

काकांना केवढा आनंद! "इंजिनीअरीणबाईंनी दिवा विझवायला कॉलेज केलं का गं?"

"काका, खांबाला जमीनच नाही जोडलेली."

"खांब काय आभाळात हाय व्हय?"

"आता खड्डा खणता, की मी खणू?" मावशी कुदळ घेऊनच उभी राहिली. मग खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, वर पाणी. काकांनी वर झेंडूचं फूल ठेवलं, मला खिजवायला. पेटीचा दिवा हिरवा झाला. घरालाही एक बसवू म्हटलं, तर काका म्हणाले, "माझ्या घराला असली घाबरट पेटी नको. पाहुण्यांना दे."

पंधरवड्याने मी तिथेच होते. भर दुपारी वाऱ्याने माडाची झावळी तारांवर पडली आणि न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार तुटली. अशा वेळी घरात दुप्पट दाबाची वीज घुसते. आधी पंखा भिंगरीसारखा फिरला, मग टीव्हीतून धूर, मग फ्रीज, मग पंपाचा स्टार्टर. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाहेर कॅरव्हॅनच्या पेटीवर शांतपणे लाल दिवा. आतून पाहुण्यांनी डोकं काढलं, "काका, लाईट गेली का हो?" त्यांचा फ्रीज, एसी, सगळं शाबूत.

काका धुरात उभे होते. टीव्हीवर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. मग बाहेर येऊन पेटीकडे बघत म्हणाले, "घाबरली, पण वेळेवर घाबरली."

चुकलो म्हणाले नाहीत, म्हणणारही नाहीत. पण मी टोमणा तयार ठेवला होता तो गिळला. आता रोज सकाळी ते अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओततात, नव्या कलमाला घालावं तसं, हळूहळू. कुणी पाहुणा पिन तोडायला निघाला तर त्याच्यावर खेकसतात. उलटा हात मात्र कुठेच लावत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला जरा वाईटच वाटतं.

वाडीत आज चार कॅरव्हॅनची सोय आहे. चारही खांबांना अर्थिंग आहे, चारही ठिकाणी पेट्या आहेत, घरालाही एक आहे, आणि तपासणीच्या कागदावर सही माझी आहे.