गाभण की खाली?

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे साचतात. रोज काढा, सकाळी पुन्हा आहेतच! त्यातले निम्मे सांगताना मला डॉक्टर असूनही लाज वाटते. पण सांगते.

मोहाडीच्या तुळशीराम काकांनी मेडिकलमधून बायकांची प्रेग्नन्सी किट आणली. गाईसाठी! रेघ एकच उमटली. मी म्हटलं, "काका, बाईच्या वारेतून निघणारं रसायन ही किट ओळखते. गाईचं वेगळं असतं."

काका कळवळले, "आता समजलं दुकानदार काहून हसून राहिला होता थो!" त्यानंतर महिनाभर ते बाजारात फिरकले नाहीत.

एकोडीला एका लग्नात नवरीच्या मावशीनं माझी ओळख करून दिली, "ह्या मॅडम हात घालून सांगतात, गाभण का खाली!" पंगतीत माझ्या शेजारी कोणी बसेना.

बपेऱ्याला तर गावकऱ्यांसमोर प्रोजेक्टर लावून तासभर बोलले. म्हैस व्यायल्यावर जार, म्हणजे वार, वेळेवर पडावी म्हणून आत कोणकोणती रसायनं कामाला लागतात, सगळं चित्रांसकट! शेवटी विचारलं, "काही शंका?"

मागून एक आजोबा उठले. "सप्पा समजलं मॅडम. फक्त येवढं सांगा, जार अटकून लोंबली त वजनानं पडाले तिले बांधाचं काय? वीट का जोडा?"

टाळ्या त्यांनाच पडल्या!

एक सासू-सून मात्र नेहमी म्हैस घेऊन येत. सुनेला मूल नव्हतं. म्हैस उलटली, पुन्हा माजावर आली, की सासू सगळ्यांदेखत म्हणे, "म्हशीले विकतो अन् इले माहेरी पोचवतो. दोघीही खाली!" आणि आवारातले सगळे हसायचे. मीसुद्धा. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

परवा त्यांची म्हैस नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरानं पुन्हा माजावर आली. मी सासूला समजावलं, "म्हणजे आधी गर्भ राहिला असणार, पण टिकला नाही. त्याच्याभोवतीचं आवरण रसायनातून आईच्या शरीराला निरोप देतं, की मी आहे. तो निरोप कमी पडला की शरीराला वाटतं, कोणी नाहीच. मग गर्भ टिकत नाही, म्हैस उलटते."

"म्हंजे म्हशीचा दोष नाही! उगाच विकत होतो बिचारीले," म्हणत सासू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

दोर धरून उभी असलेली सून पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, बाईचंही असंच रायते काय?"

"हो. रसायन वेगळं, पण प्रकार तोच."

"मंग थे मोठ्यानं सांगा न. सासूबाईले ऐकू गेलं नसन."