कवितेतली बाई कुठे उभी आहे

आउने पार्सिनेन गावसभेत बोलणार, हे कोणालाच खरं वाटेना. दुकानातसुद्धा ही बाई जिनसा बोट दाखवून घ्यायची. युद्धात फिनलंडच्या पूर्वेचं कारेलिया गेलं आणि तिथली फिन्निश माणसं गाईगुरं घेऊन पश्चिमेकडच्या या गावात आली, तेव्हापासून तिच्या हेलाची नक्कल कोणी ना कोणी करतच होतं. "आल्या रशियनबाई," असंही म्हणून झालं होतं. वास्तविक तिचं घर रशियानंच घेतलं होतं. पण तेही सांगायचं त्याच हेलात. त्यापेक्षा बोट बरं.

वाचनमंडळात मात्र ती नेमानं यायची. हिवाळ्यात बायका गावातली जुनी शेतमालकीण ल्यूली हिच्या स्वयंपाकघरात जमत, एखादी कविता घेत. तिचा विषय काय, बोलतंय कोण, कुठून बोलतंय, यावर कॉफी संपेपर्यंत वाद घालत. वसंतातल्या गावसभेत एकीनं एक कविता सगळ्यांना उलगडून सांगायची, अशी रीत होती. यंदा आउनेनं आपण होऊन हात वर केला. कविता घराच्या ओढीची होती. आपल्याला जे बोलता आलं नाही ते ही कविता बोलेल, आपण काय सोडून आलो ते गावाला एकदा तरी कळेल, असं तिच्या मनात होतं.

सभेच्या आधी तिनं ती मंडळात वाचून दाखवली.

पहाटे त्या धुराड्यातून धूर निघतो,
आत भाकरी कोण भाजतं, ठाऊक नाही.
कुंपणाशी माझा पाय आपोआप थांबतो.

"बोलणारी बाई परमुलखात आहे," आउने म्हणाली. "घर दूर राहिलंय, ते तिला मनात दिसतंय."

"मनात?" ल्यूलीनं किटली खाली ठेवली. "अगं, धूर निघतो म्हणते ती. निघायचा, असं कुठं म्हणते? आणि मनातल्या कुंपणाशी पाय थांबतो होय? ती तिथंच उभी आहे. रोज बघते."

"मालकीणबाई, तुम्हाला कधी घर सोडावं लागलं नाही, म्हणून..."

"तुम्हा लोकांना लापशीतसुद्धा कारेलिया दिसतं!" ल्यूली हसली, पण ते हसू टिकलं नाही. "ओढ्यापलीकडचं घर माझ्या आईचं. मी तिथं जन्मले. सरकारनं शेतासकट काढून तुम्हाला दिलं. तुझा नवरा शेत चांगलं राखतो, मी काही म्हणत नाही. पण त्या कुंपणाशी मी थांबते, आउने. फरक इतकाच, आत भाकरी कोण भाजतं ते मला ठाऊक आहे."

"गोड पाव घ्या गं, गार होतोय," कोणीतरी म्हणालं. कोणी घेतला नाही.

घरी आउनेनं कविता पुन्हापुन्हा वाचली. त्या बाईला दूर नेणारा एखादा शब्द, एखादा 'होता', ती शोधत राहिली. सापडला नाही. ल्यूलीचं खरं होतं. पण ते कबूल केलं तर इतक्या वर्षांनी उघडलेलं तोंड आपल्या दुःखाबद्दल बोलायच्या आधीच मिटायचं.

सभेला मागच्या बाकांवर कारेलियाची माणसं ठेवणीतले कपडे घालून बसली होती, खास तिच्यासाठी आलेली. आउने बोलू लागली तेव्हा पुढून कोणीतरी फिसकन हसलं. ती थांबली नाही.

"ही बाई दूर गेलेली नाही," ती म्हणाली. "घर तिच्या डोळ्यांसमोर आहे, त्यात दुसरंच कोणी राहतंय. मला वाटलं होतं, ती मी आहे. पण मी तर आत भाकरी भाजणारी."

ल्यूली मान खाली घालून बसली होती. सभा संपायच्या आधीच ती उठून गेली. आउनेकडे तिनं पाहिलंही नाही.

दाराशी नणंद सेन्नी भेटली. "वहिनी, घर गेलं, शेतं गेली, आईची कबर तिकडे राहिली. आणि आज तू कवितासुद्धा त्यांना देऊन टाकलीस?"

"ती त्यांचीच निघाली, सेन्नी."

"मग आपली कुठली?"

उत्तराची वाट न बघता सेन्नी आपल्या माणसांच्या घोळक्यात मिसळली. आउने कोट घालून पायरीवर उभी राहिली. कोणाबरोबर घरी जावं, ते तिला कळेना.